शाळा सुटल्यानंतरचे तीन तास

(ध्वनिमुद्रित व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय आपल्याच समितीतील एका वादातून निघाला. सेदाकाच्या पेटीत वर्षभर जमणाऱ्या रकमेतील काही भाग चँडलरच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या गरीब स्थलांतरित मुलांच्या शिक्षणासाठी द्यावा काय, असा प्रश्न होता. त्यावर दोन आक्षेप आले. एक असा की, येथे शाळा फुकट आहे, मग देणगी कशासाठी? दुसरा असा की, आपणही परदेशातूनच आलो. आपल्याला कोणी काय दिले? दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत आणि दोन्हींना उत्तर दिले पाहिजे. मी अर्थशास्त्राची जाणकार नव्हे. नर्सिंगचा डिप्लोमा घेतला आणि सारे आयुष्य रुग्णालयात गेले. परंतु मुलांचे शिक्षण कोठे अडते, हे रुग्णालयातूनही बरेच दिसते.

पहिला आक्षेप आधी घेऊ. शाळा फुकट आहे हे खरे. पण ती सर्वांसाठी आपोआप फुकट झालेली नाही. ज्यांच्या वास्तव्याला सरकारी परवानगी नाही अशा मुलांच्या शिक्षणाचे अनुदान टेक्सास राज्याने १९७५ साली कायदा करून बंद केले. टायलर या गावच्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी मागण्यास सुरुवात केली. काही कुटुंबांनी न्यायालयात दाद मागितली, आणि १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निर्णय दिला, की आईबापांच्या कृत्याचा भार मुलांवर टाकता येणार नाही आणि सरकारी शाळेचे दार त्यांना बंद करता येणार नाही. हाच ‘प्लायलर विरुद्ध डो’ हा खटला. एका मताने तो दुसरीकडे गेला असता, हे विसरू नये.

या निर्णयामुळे शाळा प्रवेशाच्या वेळी वय, पत्ता आणि लसीकरण यांचे पुरावे मागू शकते. वास्तव्याच्या परवान्यावरून प्रवेश नाकारू शकत नाही. ज्यांच्याजवळ पत्त्याचाही पुरावा नाही त्यांच्यासाठी मॅकिनी-व्हेंटो कायदा आहे. बेघर मुलाला, कागद अपुरे असले तरी, ताबडतोब वर्गात बसवून घ्यावे लागते. आणि गरिबीमुळे दुसऱ्या कुटुंबाच्या घरात दाटीवाटीने राहणारे मूलही या कायद्याच्या दृष्टीने बेघरच असते. ही माहिती मी मुद्दाम देत आहे. पुष्कळ आयांना ती नसते आणि भाड्याचा करारनामा नाही एवढ्याच कारणाने मूल घरी बसून राहते. आपल्यापैकी कोणाच्या घरी किंवा दुकानात कामाला येणाऱ्या बाईने असा प्रश्न विचारला, तर एवढे उत्तर आपल्या जिभेवर असावे.

म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंतची सोय कायद्याने केली. घंटा होते, साधारण तीन वाजतात, आणि मूल बाहेर येते. आई कोठल्या तरी हॉटेलच्या खोल्या साफ करीत असते, बाप इमारतीच्या कामावर किंवा बागकामावर असतो. दोघांपैकी एक जण परतेपर्यंत सहा वाजतात. अ‍ॅरिझोनात शाळेचे वर्ष १८० दिवसांचे धरले जाते. दिवसाला तीन तास धरले तर वर्षाला ५४० तास होतात. शिवाय चँडलर युनिफाइड जिल्ह्याच्या शाळा जुलैमध्येच सुरू होतात आणि मग ऑक्टोबरात दोन आठवडे, हिवाळ्यात दोन आठवडे व मार्चच्या सुमारास दोन आठवडे सुट्टी देतात. सुखवस्तू कुटुंबाला ही सुट्टी सहलीची वाटते. हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या आईला त्या सहा आठवड्यांत मुलांना कोठे ठेवावे, हाच प्रश्न पडतो.

आपल्यातील अनेक कुटुंबे चँडलरला ओळखतात ती इंटेलचे गाव म्हणून. दक्षिणेकडे मोठी घरे, तळी, नव्या शाळा. पण हे गाव संगणकाच्या चिपवर वसलेले नाही. डॉ. अलेक्झांडर चँडलर हे गुरांचे डॉक्टर. त्यांनी १९१२ साली आपल्या जमिनीचे तुकडे पाडून गाव वसविले. पहिल्या महायुद्धाच्या काळात गुडइयर कंपनीने टायरच्या कापडासाठी याच परिसरात लांब धाग्याचा कापूस लावला. तो कापूस वेचण्यासाठी मेक्सिकोतून माणसे आणली गेली. शहराच्या जुन्या मध्यवस्तीत आज जी स्पॅनिश बोलणारी कुटुंबे दिसतात, त्यांतील काहींची मुळे आपल्या कोणाही कुटुंबापेक्षा येथे जुनी आहेत, आणि काही जण मागील वर्षी आले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हा भेद कळत नाही. पोलिसांनाही एकदा तो कळला नव्हता. त्याकडे मी पुढे येते.

त्या तीन तासांत नेमके काय बिघडते? प्रथम पोटाचे पाहू. शाळेत दुपारचे जेवण मिळते. राष्ट्रीय शालेय भोजनाचा कायदा १९४६ सालचा आहे. पण लहान वर्गांचे जेवण पुष्कळदा अकराच्या सुमारास उरकते. त्यानंतर सात वाजेपर्यंत पोटात काही नसलेले मूल गृहपाठ करीत नाही, ते चिडचिड करते. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण कोकणातील आपल्या आज्याही वापरीत. विठोबा त्यांचा नव्हता, पोटोबा मात्र होताच. ज्या भागात निम्म्याहून अधिक मुले सवलतीच्या जेवणास पात्र आहेत तेथे शाळेनंतरचे केंद्र चालविणाऱ्या संस्थेस संध्याकाळच्या जेवणाचे पैसे केंद्र सरकारकडून मिळू शकतात. मात्र त्यासाठी आधी केंद्र हवे, तेथे माणसे हवीत, आणि हिशेब लिहिणारे कोणी तरी हवे. जेवणाचे पैसे सरकार देईल, पण वाढणाऱ्याचा पगार देईलच असे नाही.

दुसरे भाषेचे. अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनी २००० साली प्रस्ताव २०३ संमत केला आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांचे शिक्षण इंग्रजीतूनच करण्याचे ठरले. पुढे अशा मुलांना दिवसाचे चार तास केवळ इंग्रजीच्या वर्गात बसविण्याची पद्धत आली; २०१९ च्या कायद्याने तो काळ कमी केला. या चार तासांच्या वर्षांत ज्यांचे गणित आणि विज्ञान बुडाले, ती मुले आज माध्यमिक शाळेत आहेत किंवा बाहेर पडली आहेत. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला शरीरशास्त्राचे इंग्रजी पुस्तक पहिल्यांदा हाती घेताना काय वाटते, ते मला ठाऊक आहे. हृदय मला समजले होते. ते ज्या शब्दांत लिहिले होते ते शब्द समजत नव्हते. माझ्यासाठी संध्याकाळी वसतिगृहात एक वरिष्ठ परिचारिका बसत असे. या मुलांच्या घरी इंग्रजी वाचून दाखविणारे कोणी नसते, आणि शाळेने पाठविलेला कागद मुलालाच वाचून आईला सांगावा लागतो.

तिसरी गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली आहे, आणि ती मला सर्वांत अधिक खटकते. दहा-अकरा वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळते, आणि शाळेच्या वेळीही आईबरोबर दवाखान्यात येऊन दुभाष्याचे काम करते. आईच्या पोटातील गाठीबद्दल डॉक्टर काय म्हणतात, हे त्या मुलीने आईला सांगायचे! केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे रुग्णालयाने दुभाष्या विनाशुल्क पुरविला पाहिजे, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलाला दुभाष्या करता येत नाही. नियम आहे, तो मागण्याचे धैर्य नाही. जे केंद्र मुलांना संध्याकाळी सांभाळते, तेथील बाई आईला हे सांगते, फोन लावून देते. शिक्षणाला मदत म्हणजे केवळ पाटी-पुस्तक, असे समजणाऱ्यांनी हा उपयोगही ध्यानात घ्यावा. चँडलर युनिफाइड जिल्ह्याचे केअर सेंटर विमा नसलेल्या मुलांची तपासणी आणि लसीकरण याच दृष्टीने करते. दात दुखणारे किंवा फळ्यावरचे न दिसणारे मूल ‘मंद’ ठरते. मी अशी किती तरी ‘मंद’ मुले चष्मा लागताच शहाणी झालेली पाहिली आहेत.

आपल्या परंपरेत सार्वत्रिक शाळांचा आरंभ येहोशुआ बेन गमला या कोहेन गादोलच्या नावाने सांगितला जातो. तलमूदमध्ये त्याचे कारण दिले आहे, ते मोठे बोलके आहे. त्याच्यापूर्वी मुलाला बाप शिकवीत असे, आणि ज्याला बाप नसे तो अशिक्षित राहत असे. म्हणून त्याने गावोगावी शिक्षक नेमविले आणि सहा-सात वर्षांची मुले त्यांच्याकडे पाठविण्याचा दंडक घातला. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाणही त्याच ठिकाणी सांगितले आहे. आपण ज्या मुलांविषयी बोलत आहोत त्यांना बाप आहे. फक्त दुपारी तीन वाजता तो कोणाच्या तरी छपरावर कौले बसवीत असतो.

मग सरकार काय करते? करते, पण मध्येच थांबते. अ‍ॅरिझोनात मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी साहाय्य आहे. परंतु २००६ च्या प्रस्ताव ३०० ने ते कायदेशीर वास्तव्य नसलेल्यांना बंद केले, आणि पात्र कुटुंबांसाठीही २०२४ च्या ऑगस्टपासून प्रतीक्षायादी लागली. त्याच प्रस्तावाने प्रौढांचे सरकारी इंग्रजी वर्गही अशा लोकांना बंद केले, म्हणजे आईने भाषा शिकून मुलाला मदत करावी, हीही वाट बुजली. गरीब वस्त्यांतील शाळांत जी संध्याकाळची केंद्रे केंद्र सरकारच्या ‘एकविसाव्या शतकातील सामुदायिक शिक्षणकेंद्रे’ या योजनेतून चालतात, त्यांचा पैसा २०२५ च्या १ जुलैला मिळावयाचा होता. तो अडवून ठेवण्यात आला आणि ओरड झाल्यावर त्याच महिन्यात सोडण्यात आला. आपल्या येथील शाळा त्याच महिन्यात उघडतात. ज्या केंद्रामागे थोड्या तरी खासगी देणगीचा आधार नसतो त्याला असे दोन-तीन आठवडेही जड जातात.

आणि भीती. १९९७ च्या जुलैअखेर चँडलर पोलीस व सीमा-गस्तीचे अधिकारी यांनी मिळून पाच दिवस याच जुन्या वस्तीत धरपकड केली. ४३२ माणसे पकडली. रस्त्यावर, बाजारात, घरांच्या दारांत कागद विचारले गेले, आणि ज्यांना विचारले त्यांत या देशाचे नागरिकही होते. नगरपालिकेला पुढे खटल्यांना तोंड द्यावे लागले. तेव्हा जी मुले आईचा हात धरून उभी होती ती आज पालक आहेत. शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे येथे शक्यतो कारवाई करू नये, असे जे केंद्राचे धोरण होते, तेही २०२५ च्या जानेवारीत रद्द झाले. त्यानंतर एखादी आई सवलतीच्या जेवणाचा अर्ज भरण्यासही कचरत असेल, तर तिला अडाणी म्हणू नये. जी संस्था त्या वस्तीत तीस वर्षे आहे, जिच्या दारातली बाई तिला नावाने ओळखते, तेथेच ती मूल पाठवील. म्हणूनच नवी संस्था काढण्याच्या मी विरुद्ध आहे. आपल्यात तशी हौस फार.

आता दुसरा आक्षेप: आपल्याला कोणी काय दिले?

आपल्याला शाळा दिली. नवगाव, अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा येथून आपले पूर्वज मुंबईस आले ते घाणे मागे टाकून. सुतारकाम, गवंडीकाम, कारकुनी, पलटणीतील नोकरी हे त्यांचे व्यवसाय. त्या मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. केहिमकर हे कोणी लक्षाधीश नव्हते. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला, तरी तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीव येथे, त्यांच्या मृत्यूनंतर. यावरून त्यांची सांपत्तिक स्थिती ओळखावी. मग शाळा टिकली कशी? लंडनची अँग्लो-ज्युइश असोसिएशन तिला अनुदान देत असे. त्या संस्थेच्या वर्गणीदारांनी नागपाडा किंवा मांडवी कधी पाहिली नव्हती, आणि आपली भाषा त्यांना समजत नव्हती. पुढे बगदादेत जन्मलेले, हाँगकाँग व शांघायमध्ये व्यापार करणारे सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि शाळेला त्यांचे नाव मिळाले. माझगावच्या त्या शाळेत रिबेका रूबेन यांनी १९२२ पासून पाव शतकाहून अधिक काळ मुख्याध्यापिकेचे काम केले. आपल्यापैकी किती घरांत आजी, आई किंवा मावशी ‘कदूरीची’ आहे, ते हात वर करून सांगा म्हटले तर अर्धे सभागृह हात वर करील.

तेव्हा येथे येताना आपल्याजवळ जी पदवी होती, जो व्हिसा त्या पदवीवर मिळाला, त्याच्या मुळाशी परक्यांचा पैसा होता. आपण तो विसरलो, कारण देणाऱ्यांनी आठवण करून दिली नाही. याच कदूरी घराण्यातील होरेस कदूरी यांनी १९३९ मध्ये शांघायात, हिटलरच्या छळातून पळून आलेल्या मुलांसाठी शाळा उघडली. त्यांच्या संस्थेने या मुलांसाठी शाळेबाहेरचे वर्ग आणि उन्हाळी शिबिरेही चालविली. शाळेबाहेरच्या वेळेची गरज त्यांनी ओळखली होती. आणि माझगावची आपली शाळा? आपली बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली, वर्ग रिकामे झाले नाहीत. आज तेथे बहुतांश मुसलमान मुले शिकतात. मला यात खेद वाटत नाही. शाळा बंद पडली असती तर वाटला असता.

आता व्यवहाराकडे वळू. अ‍ॅरिझोना राज्यात देणगीबाबत एक सोय आहे, तिचा पुरेसा उपयोग आपण करीत नाही. येथे देणगी करपात्र उत्पन्नातून वजा होण्याऐवजी प्रत्यक्ष राज्यकरातूनच वजा होते. यास टॅक्स क्रेडिट म्हणतात. गरिबांची सेवा करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेस २०२५ या करवर्षासाठी एकट्या व्यक्तीने ४९५ डॉलरपर्यंत, पतिपत्नींनी मिळून ९८७ डॉलरपर्यंत दिले, तर तेवढा कर कमी होतो. फॉर्म ३२१. संस्थेचा पाच आकडी क्रमांक महसूल खात्याच्या यादीत पाहून फॉर्मवर लिहावा लागतो. तो नसेल तर सूट नाही. सरकारी शाळेच्या अभ्यासेतर उपक्रमांसाठी स्वतंत्र २०० किंवा ४०० डॉलर, फॉर्म ३२२. खासगी शाळांच्या शिष्यवृत्तीसाठी आणखी स्वतंत्र सोय १९९७ पासून आहे, जिच्यातून आपल्या यहुदी दिवसशाळांना मदत होते. पुढील १५ एप्रिलपर्यंत दिलेली रक्कम मागील वर्षात धरता येते.

हे तिन्ही हिशेब वेगवेगळे आहेत. एकात दिले म्हणून दुसरा बंद होत नाही. तेव्हा ‘आपली मुले की परकी मुले’ हा समितीतला झगडा निदान करापुरता तरी निरर्थक आहे. फक्त एवढे पाहावे, की आपल्याला मुळात तेवढा कर लागतो काय. राज्याचा दर आता सरसकट अडीच टक्के आहे आणि सोशल सिक्युरिटीवर राज्य कर घेत नाही. ज्याचे करपात्र उत्पन्न ४०,००० डॉलर, त्याचा कर सुमारे १,००० डॉलर. करापेक्षा अधिक दिले तर परतावा मिळत नाही, मात्र उरलेली सूट पाच वर्षे पुढे नेता येते. माझ्यासारख्या निवृत्त माणसांनी आधी हिशेब करावा.

शाळांच्या ४०० डॉलरबाबत एक सूचना. पालक साहजिकच आपल्या मुलाच्या शाळेचे नाव लिहितात, आणि म्हणून श्रीमंत भागातील शाळांत पैसा साठतो. ज्यांची मुले मोठी झाली आहेत त्यांनी शहराच्या जुन्या भागातील एखाद्या शाळेचे नाव लिहावे आणि ‘शाळेनंतरचा अभ्यासवर्ग’ असा हेतू नोंदवावा.

संस्थांपैकी चँडलरमध्ये ‘आयकॅन’ ही संस्था १९९१ पासून मध्यवस्तीतील मुलांना शाळेनंतर विनामूल्य सांभाळते. बॉइज अँड गर्ल्स क्लबचीही शाखा आहे. तेथे अल्प शुल्क असते आणि शिष्यवृत्ती लागते. कोणतीही निवडा, पण दोन गोष्टी पाळा. जुलै महिन्यात दप्तरांचे ढीग वाटून फोटो काढणे सोपे आहे. दप्तर ऑक्टोबरपर्यंत फाटते. संस्थेला खरी गरज असते ती संध्याकाळी तेथे बसणाऱ्या माणसाच्या पगाराची, आणि त्यासाठी कोणी देणगी देत नाही. म्हणून हेतू न बांधता, दरमहा, थोडी का होईना, ठरलेली रक्कम द्यावी. दुसरे, मुलांची नावे, फोटो, ‘कहाण्या’ मागू नयेत. आजच्या दिवसांत एका फोटोने कुटुंबाचे नुकसान होऊ शकते. रामबाम हे स्वतः वैद्य होते. त्यांनी सेदाकाच्या आठ पायऱ्या लावल्या, त्यांत देणारा व घेणारा एकमेकांस अनोळखी असणे ही फार वरची पायरी आहे. त्याहून वर एकच: घेणाऱ्याला पुन्हा मागावे लागू नये, असे त्याला उभे करणे.

काही जणांनी विचारले, पैशाऐवजी वेळ दिला तर चालेल काय? चालेल, परंतु मुलांबरोबर काम करावयाचे तर बोटांचे ठसे देऊन राज्याचे प्रमाणपत्र काढण्याची तयारी ठेवावी. ते सहा वर्षे चालते आणि हाती येण्यास वेळ लागतो. स्पॅनिश येत नसले तरी अडत नाही. आपल्यातील निवृत्त अभियंत्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अपूर्णांक शिकविले तरी पुष्कळ झाले. मात्र एकदा वार ठरविला की तो चुकवू नये. ज्या मुलांच्या आयुष्यातून माणसे अचानक नाहीशी होतात, त्यांना तुमची गैरहजेरी निराळ्या अर्थाने कळते.

समितीपुढे माझा प्रस्ताव असा आहे: पेटीतील रकमेचा पाचवा भाग, बारा समान हप्त्यांत, एकाच संस्थेस, तीन वर्षे. पहिला हप्ता ऑक्टोबरच्या सुट्टीपूर्वी पोहोचावा. ज्यांना ठशांचे प्रमाणपत्र काढावयाचे आहे त्यांनी आपली नावे सभागृहाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावीत. अर्ज भरण्यास मी मदत करीन.